कार्डांची चळत आणि प्रोग्रॅमचा घास

ऑनलाइन कंपायलर उघडला की प्रोग्रॅमसाठी एक चौकट आणि ‘इनपुट’साठी दुसरी, निराळी चौकट दिसते. ही फारकत पडद्यावर जन्मलेली नाही. तिचा मुंबईतील माग काढायचा तर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जावे लागते.

आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तेथे घडलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. भोके पाडलेल्या कागदी फितीवरून तो आज्ञाही वाचे आणि आकडेही. पुढे १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे अमेरिकी यंत्र आले आणि बाहेरच्या संस्थांची कामेही कुलाब्याकडे येऊ लागली.

काम म्हणजे कार्डांची चळत. आरंभी कंपायलरला पाचारण करणारे नियंत्रक कार्ड, मग फोरट्रानमधील प्रोग्रॅम, एका कार्डावर एक ओळ. मग ‘आता चालव’ असे सांगणारे कार्ड आणि सर्वांत शेवटी आकड्यांची कार्डे. यंत्र चालत असताना संशोधक समोर नसे, तेव्हा आकडा विचारायचा कोणाला? प्रोग्रॅमने वाचनाची आज्ञा देताच पुढचे कार्ड वाचले जाई. एक कार्ड गहाळ झाले की सारी खेप वाया, आणि संशोधक परगावचा असेल तर त्याचे कित्येक दिवसही.

लालबाग-परळच्या गिरण्या आठवून या कार्डांची तुलना जकार्ड मागाशी करण्याचा मोह होतो. ती अर्धीच खरी आहे. मागावर कार्डे केवळ नक्षी ठरवतात. सूत वेगळ्या वाटेने येते. येथे नक्षीही कार्डावर आणि सूतही कार्डावरच.

खरी खुबी पुढेच आहे. फोरट्रानच्या वाचनाच्या आज्ञेत यंत्राचे नाव नसे, फक्त एकक-क्रमांक असे. तो क्रमांक कार्ड-वाचकाला जोडायचा की चुंबकीय फितीला, हे प्रोग्रॅमबाहेर ठरवता येई. प्रोग्रॅमची एकही ओळ न बदलता त्याचा घास दुसऱ्या ताटातून यावा, ही ती कल्पना.

युनिक्सने १९७१ पर्यंत तीच कल्पना एका चिन्हात बसवली: शाळेतले ‘पेक्षा लहान’चे चिन्ह आणि पुढे फाइलचे नाव. १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीनेही ते उचलले. नव्वदीत टर्बो सी शिकणारे दादरचे विद्यार्थी मात्र येथेच अडखळत. कारण ते चिन्ह प्रोग्रॅमला कळत नाही. त्याचा अर्थ लावतो तो शेल. टर्बो सी आपल्या पडद्यातूनच प्रोग्रॅम चालवी, मध्ये शेल नसे. साहजिकच ‘आर्ग्युमेंट्स’च्या रकान्यात लिहिलेले चिन्ह निव्वळ अक्षर म्हणून पोहोचे. मग एक तर डॉसवर उतरून तयार फाइल तेथून चालवायची, नाहीतर प्रोग्रॅमच्या आरंभीच ‘फ्रीओपन’ लिहून इनपुटचे तोंड फाइलकडे वळवायचे.