फुकटचे 15 जीबी

पडघ्याच्या बाजारपेठेत असो की आणखी कुठे, नवा मोबाइल घेतला की दुकानदार सहसा दोन कामं आपणहून करतो: काच चिकटवतो आणि जीमेलचं नवं खातं उघडून देतो. पासवर्ड खोक्याच्या झाकणावर पेनाने लिहिलेला. पुढचा फोन घेताना खोकं सापडत नाही, मग आणखी एक नवं खातं. जुन्या खात्यातले बारशाचे, साखरपुड्याचे फोटो तिथेच अडकतात. खातं हँडसेटचं नसून माणसाचं असतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं, कारण ही फुकटची जागा त्यांच्यापर्यंत पोचली ती फोनबरोबरच. तिचं कूळ मात्र स्मार्टफोनहून जुनं आहे.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तेव्हा ई-मेलचा पत्ता जोडणीबरोबर, पैसे मोजून मिळायचा; जोडणी सोडली की पत्ताही सुटला. ही गाठ सोडवली हॉटमेलने. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी 4 जुलै 1996 रोजी ते सुरू केलं. कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडा, पैसे नाहीत. मोबदला एवढाच, की पडद्यावर जाहिराती दिसत आणि तुमच्या प्रत्येक पत्राच्या तळाशी हॉटमेलची ओळ जाई: तुम्हीही फुकट खातं उघडा. जागा होती 2 एमबी, म्हणजे आजच्या फोनमधला एखादा फोटो जेमतेम मावेल इतकी. 1997 च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने हॉटमेल सुमारे 40 कोटी डॉलरना घेतलं. खातेदारांनी दमडीही दिली नव्हती. किंमत आली ती त्यांच्या गर्दीला.

1 एप्रिल 2004 रोजी गुगलने जीमेल आणलं, तेही 1 जीबीचं. हॉटमेलच्या पाचशेपट जागा फुकट म्हटल्यावर अनेकांना ते एप्रिल फूल वाटलं. पण त्या दिवसापासून जुनं काढून टाकायची सवय मोडली. 2012 मध्ये गुगल ड्राइव्ह आलं. 2013 मध्ये मेल, फायली आणि फोटो मिळून एकच 15 जीबीचा कोटा झाला. 2015 मध्ये गुगल फोटोज आलं आणि थोडे आवळलेले फोटो हवे तितके ठेवायची मुभा मिळाली. 1 जून 2021 पासून ती मुभा संपली. 2024 मध्ये अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्याच 15 जीबीत मोजला जाऊ लागला. कॅमेरे मोठे झाले, व्हिडिओ लांबले, 15 चे 15 च राहिले. ‘स्टोरेज भरलं’ हा निरोप येतो तो यामुळे. शिवाय दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती गुगल डिसेंबर 2023 पासून काढून टाकू लागलं आहे.

हे सगळं हवेत नसतं. ते डेटा सेंटरमधल्या यंत्रांवर असतं आणि त्यांना रात्रंदिवस वीज लागते. विजेचा एवढा पसारा म्हणजे काय, हे पडघ्याला सांगायला नको: चंद्रपूरहून सुमारे 750 किलोमीटर धावणारी 1500 मेगावॉटची उच्चदाब एकदिश वाहिनी इथेच येऊन संपते. अ‍ॅमेझॉनने 2016 मध्ये आणि गुगलने 2017 मध्ये आपली क्लाउड केंद्रं मुंबईत उघडली. एवढ्या खर्चाची जागा फुकट मिळते तेव्हा अटी कोण ठरवतं? भिवंडीच्या गोदामात माल ठेवणारा भाडं भरतो, पावती घेतो, मुदत लिहून घेतो. इथे भाडं नाही, म्हणून मुदत मालकाच्या मर्जीची. 2013 पासूनचा प्रत्येक बदल हेच सांगतो.

म्हणून घरातल्या प्रत्येकाचं एकच खातं ठेवा आणि ते फोन बदलला तरी चालू द्या. रिकव्हरीसाठी दुकानदाराचा नको, स्वतःचा नंबर द्या. नाहीतर ओटीपी त्याच्याकडे जाईल. आधार, लायसन्स यांसाठी 2015 पासून सरकारी डिजिलॉकर आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळा, बरीच जागा सुटेल. आणि मोलाचे फोटो वर्षातून एकदा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. फुकटची जागा खुशाल वापरावी. पण जिची दुसरी प्रत नाही, अशी एकही गोष्ट तिच्या भरवशावर सोडू नये.