स्पायरोमेट्री : दम लागणाऱ्यांची फुंकायची तपासणी

नांदेड/लातूर : मळणीची धूळ, चुलीचा धूर किंवा बिडीमुळे दम लागत असेल तर डॉक्टर स्पायरोमेट्री करायला सांगतात. एक्स-रे चांगला आला तरी दमा असू शकतो. ही तपासणी फुंकण्याची आहे, सुई टोचत नाहीत.

जाण्याआधी : पोटभर जेवू नका, बिडी ओढू नका, सैल कपडे घाला. पंप घेत असाल तर तो किती तास आधी बंद ठेवायचा हे डॉक्टरांनाच विचारा. नुकताच हार्टअटॅक किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असेल, थुंकीत रक्त पडत असेल, टीबी असेल तर आधीच सांगा.

तपासणीत : नाकाला चिमटा लावतात. छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि एकदम जोरात फुंकायचे. नंतर साधारण सहा सेकंद श्वास सोडतच राहायचे. असे किमान तीन वेळा. मग पंप देऊन 15 मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. औषधाने नळ्या किती मोकळ्या होतात ते त्यातून कळते. खोकला येईल, थोडी चक्कर येईल, तेव्हा बसूनच करा.

लाजून हळू फुंकले तर रिपोर्टच चुकतो आणि औषधही चुकू शकते. त्यामुळे जमेल तेवढा जोर लावा.

विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था इथल्या छातीविकार ओपीडीत चौकशी करावी. जुने कागद सोबत न्यावेत.