गिरणीचा पगार आणि घाटावरचे गाव

मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास सांगताना परळ, लालबाग आणि भायखळ्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. या इतिहासाचा निम्मा भाग मात्र गिरणगावाबाहेर, कोकणात आणि घाटावर घडला. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे तालुके त्यातलेच. येथील माणूस माळशेज किंवा बोरघाट उतरून मुंबईत आला तो गिरणीत, गोदीत, बाजारात हमालीला अथवा डबे वाहण्याच्या कामाला. कुटुंब गावी, आपण गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत आणि जेवण खानावळीत, असा हा संसार होता. मनिऑर्डर आली की सोसायटीचे कर्ज फिटे, बैल येई, मुलीचे लग्न ठरे.

गिरणीची नोकरी सहजासहजी मिळत नसे. आधी बदली कामगार म्हणून दररोज दारात उभे राहायचे. काम मिळाले तर मजुरी. कायम झाल्यावर मात्र निर्वाह खर्चाच्या निर्देशांकाशी जोडलेला महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधी आणि उपदान मिळे. हे हक्क मालकांच्या औदार्यातून आलेले नव्हते. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. त्या काळापासून संप लांबला की कामगार गावची वाट धरीत. गावातील भाकरी हाच संघटनेचा खरा संपनिधी होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक संघटनेला वाटाघाटीचा अधिकार दिला आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिला. सत्तरच्या दशकात औषध व अभियांत्रिकी कारखान्यांतील कामगारांचे पगार पुढे गेले, कापड कामगार मागे पडला. बोनसच्या प्रश्नावरून 1981 च्या दिवाळीत असंतोष उफाळला. कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले आणि 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला.

कामगार पुन्हा गावी परतले. गावोगाव धान्य गोळा झाले, सभा झाल्या. पण या वेळी मालकांनाही घाई नव्हती. जुनी यंत्रे, साठलेला माल आणि यंत्रमागांकडे वळलेले उत्पादन यांमुळे बंद गिरणी त्यांना फारशी सलत नव्हती. पुढे तर गिरणीखालची जमीनच गिरणीपेक्षा मोलाची ठरली. ज्या गावाने संप तगवला, त्याच गावाने पराभवही निमूट पोटात घेतला. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. 1983 मध्ये तो विरत गेला आणि हजारोंना पुन्हा कामावर घेतलेच नाही.

योगायोग असा की, ऑगस्ट 1981 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी संपावरील अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना बडतर्फ केले होते. तेथे पन्नाशीच्या दशकात सुमारे एक तृतीयांश कामगार संघटनांचे सभासद होते. आज हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आहे. यंग्जटाउनसारख्या पोलाद नगरीत भट्ट्या विझल्या तेव्हा अख्खे शहर ओस पडताना दिसले. आपल्याकडे कामगार एकेक करून एसटीने निघून गेला, त्यामुळे शहराला त्याचे जाणे फारसे जाणवलेच नाही.

परतलेल्यांचे पुढे काय झाले, हे बरेचसे पाण्यावर ठरले. कुकडी प्रकल्पाचे कालवे पोचले त्या पूर्व भागात ऊस, टोमॅटो, द्राक्षे आली. नारायणगाव व मंचरच्या बाजारपेठा वाढल्या. पश्चिमेकडील डोंगरी पट्ट्यात पावसाचे भात आणि हिरडा एवढाच आधार. तेथे मनिऑर्डरीची जागा कशानेच भरून निघाली नाही. बागायतीतही जी मजुरी मिळते तिला भत्ता नाही, निधी नाही, संघटना नाही.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा वाटा पालिका आणि म्हाडालाही ठेवला होता. 2001 च्या दुरुस्तीने तो केवळ मोकळ्या जागेपुरता उरला आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली 2012 मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. तोवर अनेक अर्जांवर मूळ कामगाराऐवजी वारसांची नावे होती.