‘ओ’ समजलं गेलेलं रक्त

कल्याणच्या पुढच्या पट्ट्यात रक्ताचं मोल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उल्हासनगरात फाळणीनंतर वसलेली सिंधी वस्ती मोठी, आणि सिंधी समाजात थॅलसेमियाचे वाहक बरेच. दर दोन-चार आठवड्यांनी मुलाला रक्त चढवायला घेऊन जाणारी घरं इथे आहेत. अंबरनाथ-बदलापूरहून भरलेल्या लोकलच्या दारात उभं राहून जाणाऱ्यांपैकी कुणी पडलं, की नातेवाइकांची पहिली धावपळ रक्तासाठी. पण पिशवी हाती येण्याआधी रक्तपेढीत जी एक तपासणी होते, तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. तिचं एक मूळ आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात आहे.

तपासणी दोन्ही बाजूंनी होते. आधी आपल्या लाल पेशी घेऊन त्यांवर ‘ए’ आणि ‘बी’ ओळखणारी द्रव्यं घालायची. गुठळ्या झाल्या तर तो गट. कशातच झाल्या नाहीत तर ‘ओ’. मग उलट बाजू, म्हणजे रिव्हर्स ग्रुपिंग. आपलं सीरम तीन नळ्यांत घ्यायचं आणि त्यांत गट माहीत असलेल्या पेशी टाकायच्या: एकीत ‘ए’, दुसरीत ‘बी’, तिसरीत ‘ओ’. मग नळ्या सेंट्रीफ्यूज यंत्रात गरगर फिरवायच्या. ते थांबलं की तंत्रज्ञ प्रत्येक नळी हळूच हलवून उजेडात धरतो. पेशी धुरासारख्या मोकळ्या उठल्या तर जुळलं. तळाशी लाल गोळी तशीच राहिली तर नाही. ‘ओ’ गटाच्या माणसाच्या तिसऱ्या नळीत पेशी मोकळ्याच सुटल्या पाहिजेत. तिथे गोळी राहिली, की तंत्रज्ञ हातातलं बाकीचं काम बाजूला ठेवतो.

हे सगळं शक्य होतं ते आपल्या प्रतिकारशक्तीमुळे. व्हिएन्नातल्या कार्ल लँडस्टायनरने 1900-01 मध्ये रक्तगट शोधले तेव्हाच दिसलं होतं, की जो गट माणसाच्या पेशींवर नाही त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं त्याच्या सीरममध्ये तयार असतात. कधीही रक्त न घेतलेल्या माणसात ती येतात कुठून? नुकत्याच जन्मलेल्या बाळात स्वतःची अशी प्रतिपिंडं जवळजवळ नसतात. पुढच्या काही महिन्यांत ती दिसू लागतात. जॉर्ज स्प्रिंगरने 1959 च्या सुमारास जंतुविरहित वातावरणात कोंबडीची पिल्लं वाढवली आणि त्यांच्यात ती तयार होत नाहीत असं दाखवलं. आतड्यातल्या काही जीवाणूंच्या अंगावर रक्तगट ठरवणाऱ्या शर्करांसारख्याच शर्करा असतात. आपल्या बी-लिम्फोसाइट पेशी त्यांच्याशी भिडतात आणि त्यांतून प्लाझ्मा पेशी घडून प्रतिपिंडं रक्तात सोडू लागतात. स्वतःच्याच शर्करांवर उठणाऱ्या बी-पेशींना मात्र शरीर सहसा वेळीच आवरतं. परका कोण, हे अशा रीतीने आपलं काय आहे यावरून ठरतं. मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

लँडस्टायनरनंतर अर्धं शतक ‘ओ’ गटाच्या लाल पेशी सगळ्यांना चालणाऱ्या मानल्या गेल्या. त्यांवर ‘ए’ नाही, ‘बी’ नाही. मग त्यांना नाकारणार कोण?

मे 1952 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख आला. त्यावर केईएमशी जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांची नावं होती. सोबत लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स हे त्या काळातले रक्तगटांचे मोठे अभ्यासक. लेखात तीन माणसं होती. साध्या तपासणीत तिघंही ‘ओ’ दिसत होती, पण त्यांचं सीरम ‘ए’ आणि ‘बी’बरोबर ‘ओ’ पेशींच्याही गुठळ्या करत होतं. परळच्या एका प्रयोगशाळेने समोर आलेली विसंगती चूक म्हणून फेकून दिली नाही, तिचा पाठपुरावा केला. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

उलगडा असा झाला. ‘ए’ आणि ‘बी’ हे वरचे मजले, आणि त्यांच्याखाली ‘एच’ नावाचा पाया असतो. ‘ओ’ गटाच्या पेशींवर मजले नसतात, पण पाया भरपूर असतो. या तिघांकडे पायाच नव्हता. त्यामुळे त्यांच्या शरीराला ‘एच’सुद्धा परका, आणि ‘एच’ तर जवळजवळ प्रत्येक माणसाच्या लाल पेशींवर असतो. त्यांना ‘ओ’ रक्त चढवलं तर ‘एच’विरोधी प्रतिपिंडं त्या पेशींना चिकटतात, रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं जागी होतात आणि पेशी रक्तवाहिनीतच फुटू लागतात. लघवी लालसर होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, जीव जाऊ शकतो.

‘बॉम्बे’ हे नाव रूढ झालं ते 1955 मध्ये. अमेरिकेत फिलिप लेव्हाइन आणि सहकाऱ्यांना एका इटालियन वंशाच्या कुटुंबात हाच प्रकार दिसला: आई ‘ओ’ ठरलेली, तरी तिच्याकडून मुलीला ‘बी’ मिळालेला. मजल्याचं जनुक आईकडे होतं, पण ते बांधायला पाया नव्हता. या पायाचं जनुक, एफयूटी-1, बिघडलेल्या रूपात आई आणि वडील अशा दोघांकडूनही आलं तरच माणूस बॉम्बे गटाचा होतो. म्हणून नात्यात लग्नं होतात तिथे तो अधिक दिसतो. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आपल्याकडे जुनीच. भाटिया आणि साठे यांनी 1974 मध्ये मुंबईतलं प्रमाण सुमारे 7,600 मध्ये 1 असं मांडलं. युरोपात ते 10 लाखांत एखादं मानतात.

भेंड्यांच्या सोबतचे तेच एच. एम. भाटिया पुढे केईएमच्याच आवारात 1957 मध्ये सुरू झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्राचे आधारस्तंभ ठरले. आजची आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था ती हीच. वारंवार रक्त घेणाऱ्या थॅलसेमियाच्या काही मुलांच्या शरीरात आरएच, केल अशा इतर गटांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि जुळणारी पिशवी मिळणं अवघड होत जातं. परळला 1952 मध्ये सुटलेल्या कोड्याच्या कुळातलंच हे कोडं, उल्हासनगरच्या अशा घरांतलं.

घाईत फक्त पेशींवरून गट ठरवला, तर बॉम्बे गटाचा माणूस ‘ओ पॉझिटिव्ह’ असं कार्ड खिशात घेऊन वर्षानुवर्षं फिरू शकतो. पुढे क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्या सीरमशी जुळवून पाहणं, झालं तर त्यात तो सापडतोच. पण तेव्हा रुग्ण टेबलावर असतो आणि त्याला चालणारी पिशवी शहरात नसते.

म्हणून, तुमच्या कार्डावर ‘ओ’ असेल तर पुढच्या रक्तदानाच्या वेळी एवढं विचारा: रिव्हर्स ग्रुपिंग झालं होतं का, आणि त्यात ‘ओ’ पेशींची नळी होती का? बॉम्बे गट निघालाच, तर दुर्मिळ दात्यांच्या यादीत नाव नोंदवा आणि सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या. आई-वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता 4 मध्ये 1 असते.