मोजणी आणि वाटचाल : मितानिन कार्यक्रमाच्या निमित्ताने प्रक्रिया-मूल्यमापनाचा विचार

समाजकार्याच्या कोणत्याही उपक्रमासंबंधी दोन प्रश्न विचारता येतात. त्यातून काय निष्पन्न झाले, हा पहिला. आणि ते कसे घडले, हा दुसरा. शासनव्यवहारात पहिल्या प्रश्नाला नेहमीच मान मिळत आला आहे, कारण त्याचे उत्तर आकड्यांत देता येते. दुसरा प्रश्न मात्र बहुधा उपक्रम फसल्यावरच आठवतो. छत्तीसगडमधील मितानिन कार्यक्रमाचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व विशेष स्पष्टपणे दाखवतो.

या प्रश्नाची परंपरा भारतात जुनी आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि त्याच सुमारास नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली. तिच्या आरंभीच्या काळात संचालकपद अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्याकडे होते. योजना आणि तिचे परीक्षण यांचा जन्म जवळजवळ एकाच वेळी व्हावा, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. पुढे १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने लोकसहभागाच्या उणिवेवर बोट ठेवले आणि त्यातून पंचायत राज्याची शिफारस पुढे आली. विहिरी आणि रस्ते यांची गणना केवळ पुरेशी नाही, गावकऱ्यांना ते काम आपले वाटले की नाही हेही पाहिले पाहिजे, ही जाणीव या घटनाक्रमात अंतर्भूत होती.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. राज्याच्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेची स्थिती बिकट होती. २००२ मध्ये शासनाने स्वयंसेवी संस्थांशी विचारविनिमय करून मितानिन कार्यक्रम हाती घेतला आणि त्याला आधार देण्यासाठी राज्य आरोग्य संसाधन केंद्र उभे केले. योजनेचे नावच अर्थपूर्ण होते. छत्तीसगडी समाजात भोजली, महाप्रसाद, गंगाजल अशा विधींनी जोडलेले मैत्र रक्ताच्या नात्याइतके बंधनकारक मानले जाते. असे मैत्र जोडलेली सखी म्हणजे मितानिन. निवडीचे एकक गाव नव्हे, तर ‘पारा’, म्हणजे वस्ती, ठेवण्यात आले. काही वर्षांतच मितानिनींची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली. आरंभी त्यांना नियमित मानधन नव्हते.

येथेच मूल्यमापनाची खरी कसोटी लागते. एखाद्या पाऱ्यात मितानिनीची निवड झाली, अशी नोंद वहीत असते. परंतु ती स्त्रियांच्या बैठकीत चर्चा होऊन झाली, की सरपंचाने आपल्याच घरातील सुनेचे नाव सुचवून झाली, हे त्या नोंदीवरून कळत नाही. दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. त्यांतून निर्माण होणारे नाते मात्र सर्वस्वी भिन्न असते. त्या वर्षांत राज्यातील ग्रामीण बालमृत्यूचे प्रमाण घटले. त्याचे श्रेय कोणाला द्यावे, याची चर्चाही झाली. तथापि त्याच काळात इतरही अनेक बदल घडत होते. निवड, प्रशिक्षण, गृहभेटी आणि सल्ल्याचा स्वीकार यांची साखळी तपासल्याशिवाय असे श्रेय निश्चित करणे म्हणजे अनुमानाला पुराव्याचे नाव देणे होय.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यातील ‘आशा’ या संकल्पनेच्या मागे मितानिनीचा अनुभव होता. पुढे कामागणिक प्रोत्साहन-रकमेची पद्धत रूढ झाली. श्रमाचा मोबदला मिळणे न्याय्यच होते. परंतु ज्या कामाला रक्कम आहे ते ठळक होते आणि ज्याला नाही ते मागे पडते, हाही अनुभव सार्वत्रिक आहे. कार्यक्रमाचे नाव तेच राहून त्याची अंतर्गत यंत्रणा बदलते, ती अशी. फलिताच्या तक्त्यात हा बदल उमटत नाही.

नोंद कोण करतो, हाही प्रश्न तितकाच मूलगामी आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगाचे बळ केवळ औषधोपचारात नव्हते. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू काटेकोरपणे नोंदवण्याच्या पद्धतीतही होते. २००१ मधील ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातील अनेक बालमृत्यू सरकारी दप्तरापर्यंत पोहोचतच नाहीत, हे समोर आणले. कनिष्ठ कर्मचाऱ्याला मृत्यूची नोंद हा स्वतःवरील ठपका वाटत असेल, तर वही कोरीच राहणार.

प्रक्रियेकडे दुर्लक्ष झाले की काय घडते, याचे दारुण उदाहरण छत्तीसगडमध्येच सापडते. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळील सकरी येथील शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. या व त्याच सुमारास झालेल्या शिबिरांनंतर तेरा स्त्रिया दगावल्या. केवळ शस्त्रक्रियांची संख्या हा निकष लावला असता, तर तो दिवस यशस्वी ठरला असता. १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

आता बीरगांवचा विचार करावा. रायपूरच्या उत्तरेस, उरला औद्योगिक क्षेत्रालगत वाढलेली ही कामगारवस्ती आज नगरपालिक निगम आहे. राज्यात २०१२ पासून शहरी मितानिनींची योजना सुरू झाली. परंतु पाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असते. भाड्याच्या खोल्यांच्या चाळीत ती गृहीत धरता येत नाही. कामगार पाळीवर असतो, कुटुंब काम संपताच स्थलांतर करते. अशा ठिकाणी ‘गृहभेट झाली’ या नोंदीचा अर्थ दार उघडे मिळाले की कुलूप दिसले, यावर अवलंबून राहतो. ग्रामीण नमुना शहरात आणताना संदर्भ बदलला, तर तपासणीचे प्रश्नही बदलले पाहिजेत.

पॉसन आणि टिली यांनी १९९७ मध्ये संदर्भ, यंत्रणा आणि फलित यांचा परस्परसंबंध मांडला. २०१५ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शिकेने अंमलबजावणी, परिणामाची यंत्रणा आणि संदर्भ ही प्रक्रिया-मूल्यमापनाची अंगे निश्चित केली. वरील इतिहासाच्या प्रकाशात त्यांना काही व्यावहारिक जोड देता येते. परीक्षण योजनेच्या आरंभापासूनच सोबत असावे. कार्यकर्तीची हकिगत आकड्यांइतकीच ग्राह्य मानावी. अपयशाची नोंद करणाऱ्याला संरक्षण असावे. आणि निष्कर्ष प्रथम त्या वस्तीत वाचून दाखवावेत, कारण चूक सर्वांत आधी तेथील लोकांच्या ध्यानात येते.

मितानिन या शब्दात परस्परांची जबाबदारी अभिप्रेत आहे. ज्या मूल्यमापनात मितानिनीला केवळ माहिती पुरवणारी मानले जाते, तिला उत्तर विचारले जाते पण प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला जात नाही, ते या नात्याची एकच बाजू पाहते. कार्यक्रमाची वाटचाल समजून घ्यावयाची, तर ती वाट रोज चालणाऱ्या स्त्रीला परीक्षणाच्या बैठकीत स्थान द्यावे लागेल.