भोपाळ आम्हाला शिकवलं, एका गुणापुरतं



भोपाळची वायुदुर्घटना आम्ही धाटावच्या शाळेत विज्ञानाच्या तासाला शिकलो. प्रदूषणाच्या धड्यात दोन-तीन ओळी होत्या आणि प्रश्न ठरलेला होता : कोणता वायू गळला? उत्तर, मिथिल आयसोसायनेट. एक गुण. नाव उच्चारताना जीभ अडखळायची आणि वर्ग हसायचा. शाळेपासून रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी चालत जाण्याच्या अंतरावर. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील, काका तिथे ठेकेदाराकडे कामाला. उग्र वास आला की खिडक्या लावून घ्यायच्या आणि धडा पुढे वाचायचा. भोपाळ मात्र लांब, मध्य प्रदेशात होतं!

धड्यात काय नव्हतं ते आम्हाला समाजशास्त्र शिकताना कळलं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे ४० टन विषारी वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद केलेली होती. वायू जाळून टाकणारा मनोराही नादुरुस्त होता. १९८१ मध्ये तिथे फॉस्जीनने एक कामगार मेला होता आणि पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून लिहून लिहून इशारा देत होते. याला अपघात म्हणायचं?

मेले कोण? आधी कारखान्याच्या समोरची जयप्रकाश नगरची झोपडपट्टी, मग आसपासच्या गरीब वस्त्या. आपण कशातून पळतोय हेच लोकांना माहीत नव्हतं. अनेक जण वाऱ्याबरोबर धावले, म्हणजे वायूच्या सोबतच धावले. नाका-तोंडावर ओलं फडकं धरा, एवढं जरी कुणी आधी सांगितलं असतं तरी कित्येक जीव वाचले असते. डॉक्टरांनासुद्धा विषाची पुरती माहिती मिळाली नाही. ज्याला आपण ज्ञानबंदी म्हणतो ती फक्त पोथ्यांची नसते. कारखान्याच्या भिंतीआड काय साठवलंय हे शेजारच्या वस्तीला न सांगणं, हीसुद्धा ज्ञानबंदीच.

काही मित्र विचारतात, यात जात कुठे आली? वायू जात विचारत नाही, हे खरं. पण भिंतीला लागून घर कुणाला बांधावं लागतं? टाकीत उतरून गाळ कोण काढतो? कोकणात खोतांच्या जमिनी कसून ज्यांच्या नावावर सातबाराच आला नाही, त्यांना प्रकल्पग्रस्ताचा दाखला कुठून मिळणार? बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोतीविरुद्ध विधेयक आणलं. मजूरमंत्री म्हणून कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारं विधेयक १९४६ मध्ये मांडलं. जमीन आणि कारखाना हे त्यांच्या लेखी वेगळे प्रश्न नव्हते.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने धोक्याची आणि बचावाची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला द्यावी, असं त्यात लिहिलं गेलं. हजारो प्रेतांवरून आलेला हा हक्क आमच्या पुस्तकात नव्हता. आम्ही शाळेत गेलो तोवर त्याला दहा वर्षं उलटून गेली होती. धाटावच्या मुलांना वायूचं नाव पाठ, आणि मोठा भोंगा वाजला तर कुठल्या दिशेला पळायचं ते ठाऊक नाही!

१ जानेवारी २०२५ च्या रात्री, आपण भीमा कोरेगावहून परतत होतो तेव्हा, त्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी पिथमपूरकडे निघाला. पिथमपूर बाबासाहेबांच्या जन्मगावापासून, महूपासून, जवळच आहे. तिथले लोक रस्त्यावर उतरले, कारण भोपाळ म्हणजे काय ते त्यांना कळलेलं होतं.

आमच्या अभ्यासवर्गात ३ डिसेंबरला आता भोपाळ शिकवलं जाईल, आणि वर्ग संपल्यावर मुलं ग्रामपंचायतीला अर्ज लिहितील : आमच्या वस्तीजवळच्या कारखान्यांत कोणकोणती घातक रसायनं साठवली जातात? गळती झाली तर गावाला कोण कळवणार? लोकांनी कुठे जमायचं? अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.