मुडदूस आणि माजघर

लहान मुलाचे पाय धनुष्यासारखे वांकले, टाळू वेळेवर भरली नाहीं, मनगटें जाड दिसूं लागलीं, म्हणजे आपल्याकडील जुन्या बायका 'मुडदूस झाला' असें म्हणत. याच कारणानें प्रौढ स्त्रीचीं हाडें मऊ झालीं, तर त्यास अस्थिमार्दव म्हणतात. त्यांत कमरेचा सांगाडा दबतो, प्रसूतीचा मार्ग अरुंद होतो. पूर्वी अशा कित्येक स्त्रिया बाळंतपणांतच दगावत. हा रोग केवळ दारिद्र्याचा, असें कोणासही वाटेल. परंतु आपल्याच प्रांताचा इतिहास निराळें सांगतो.

जपानांत वैद्यकी केलेल्या थिओबाल्ड पाम या डॉक्टरानें देशोदेशींची माहिती जमवून १८९० सालीं असें मांडलें, कीं जेथें सूर्यप्रकाश भरपूर, तेथें मुडदूस विरळा. मग आपल्या उन्हाच्या देशांत तो आढळावा कां? याचें उत्तर नाशिकनें दिलें. तेथें हचिसन व शहा यांनीं केलेली पाहणी १९२२ सालीं प्रसिद्ध झाली. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तु हिंदु व मुसलमान घरांत अन्नाची ददात नसतांही मुडदूस आढळला. कारण तेथें माता व बालक महिनेच्या महिने अंधाऱ्या खोलींत राहत. उलट, निकस अन्नावर राबणाऱ्या बायका तान्हें मूल घेऊन उघड्यावर कामास जात. त्यांच्यांत तो क्वचितच दिसे.

त्यापूर्वीच, १९१९ सालीं, बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनीं पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील किरणांनीं मुडदूस बरा करून दाखविला होता. हे किरण त्वचेंत 'ड' जीवनसत्त्व निर्माण करतात. तें नसेल, तर अन्नांतील चुना अंगीं नीट लागत नाहीं.

आतां साताऱ्याच्या पेठांतील व सांगलीच्या गांवभागांतील जुने वाडे आठवा. बाहेर रखरखीत ऊन, आंत भर दुपारीं दिवा लागे असें माजघर. सरदार घराण्यांत तर गोषाही असे. पुरुष ओसरीवर वावरत. घरची सून व तिचें बाळ मात्र अंधारांत.

वाड्यांच्या जागीं आज सदनिका आल्या. परंतु बंद कांचेआडून येणारें ऊन कामाचें नाहीं, कारण कांच ते किरण अडविते. अगदीं कोवळ्या उन्हांतही ते अल्पच असतात. हाडें सतत दुखत असतील, किंवा मुलाचे पाय वांकत असतील, तर डॉक्टरांस अवश्य दाखवावें.

उन्हावर कोणाचाही कर नाहीं. तरीही आपल्या घरांत तें कोणाच्या वांट्यास येत नाहीं, एवढें प्रत्येक गृहस्थानें एकदां पाहावें.